सगुणामावशी, मधले तीन तुकडे मी खोडले

सगुणामावशीवर अन्याय झाला. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी, सकाळी साडेअकरा वाजता, ओरोसच्या कचेरीत, खिडकीजवळच्या टेबलावर. अन्याय करणारा मी.

पत्रकाच्या पहिल्या दोन ओळींत कोणावर, कधी आणि कोणी केला हे आलंच पाहिजे, असं मी आजवर सगळ्यांना बजावत आलो. आज माझी पाळी आली म्हणून नियम बदलत नाही. आणि मावशे, इथून पुढे मी तुझ्याशी बोलणार आहे. लोकांनी ऐकलं तर ऐकू देत. त्यांच्याकडे मी शेवटी येतोच.

तू कशी गेलीस ते वाडीत सगळ्यांना माहीत आहे, आणि तुझं वय किती ते तुलाच माहीत नव्हतं, तेव्हा तो मजकूर मी लिहीत नाही. मला तुला एक बातमी सांगायची आहे. परवा सकाळी ती सांगायला मी किनाऱ्यापासून तुझ्या घरापर्यंत चिखलाच्या पायांनी धावत आलो, अंगणातूनच हाक मारली, ओटीवर चढलो, आणि कोनाड्यात तुझी माशांची पाटी उपडी घातलेली दिसली तेव्हा भानावर आलो. म्हणून इथे सांगतो.

हूद आला होता, मावशे. जवळजवळ सगळ्या वाटेने. मधल्या तिन्ही तुकड्यांतून. तू म्हणालीस तसाच.

आता पहिल्यापासून सांगतो. वाचणाऱ्याला हूद म्हणजे पाणमांजर हे माहीत असेल, पण तू कोण हे माहीत नसेल.

तू रोज सकाळी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढलं गेलं की मासे पाटीत भरून वर निघायचीस. खाडीच्या तोंडावरची चिपीची, म्हणजे खारफुटीची, झाडी डाव्या हाताला ठेवून भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाजणाच्या बांधावरून, मग मळ्यात माणग्यांच्या बांबूबेटांमधून, मग व्हाळाच्या कोंडीवरून, ओढ्यातल्या त्या डोहावरून, थेट देवाच्या रायीखालच्या वाडीपर्यंत. पावसात मासे नसले की सुकी मासळी घेऊन बांद्याच्या बाजारात, कधी आंबोलीपर्यंत. गावातल्या एकाही पुढाऱ्याने ही सगळी वाट एका दमात चालून पाहिलेली नाही. तू डोक्यावर ओझं घेऊन आयुष्यभर चाललीस.

आपली ओळख झाली ती माझ्या पत्रकामुळे. मी देवळासमोर ती वाटत होतो, तू चांगली मूठभर घेतलीस. मला वाटलं, वा, बाई जागी झाली. दुसऱ्या दिवशी आमच्याच घरी बांगडे आले ते माझ्या पत्रकात गुंडाळून. मी भांडायला आलो तर म्हणालीस, "कागद बरो आसा रे तुझो. मासळेचा पाणी धरता. अजून छापतलंस मां?"

"मावशे, ता वाचूक दिलेला."

"माका खंय वाचूक येता? पण वरच्या वाडीत ज्येंका येता त्येंका घरपोच तर मियाच दिलंय."

त्या दिवसापासून तू मला कागदवाल्या म्हणायला लागलीस, आणि माझी पत्रकं सगळ्या वाड्यांत पोचायला लागली. थोडी वास मारत, पण पोचायला लागली.

मग तो छापील कागद आला. जिल्ह्यातल्या कोणत्या जमिनी आणि कोणतं पाणी राखून ठेवायचं याची यादी होणार होती. प्रत्येक गावाने आपल्या जागा महत्त्वाच्या क्रमाने कळवायच्या होत्या. खाली ओळी तीन. एक, दोन, तीन, आणि लगेच सहीची जागा. मी तो कागद तुझ्या ओटीवर वाचून दाखवला आणि तू बोटांवर मोजत सहा नावं सांगितलीस. राय, कोंड, माणगे, खाजण, खाडीच्या तोंडावरची चिपी, आणि समुद्रातला मोठा खडक, जिथे तांबोशी मासळी मिळते.

मी म्हटलं, सहा जमणार नाहीत, तीन सांग.

"मधले कमी केलंस तर ह्यो वरचो आणि त्यो खालचो राखून काय उपयोग? जनावरान उडान जावचा?"

आपण त्यावर किती दिवस भांडलो ते आठव. मी म्हणायचो, रायीत झाडं शेकडो वर्षांची आहेत, साहेब बघताक्षणी मान डोलावेल. चिपीत बगळे आहेत. खडकावर रंगीत मासे आहेत. कोंड म्हणजे म्हशी बसायचं डबकं, माणगे म्हणजे लोकांनी कुंपणाला ठेवलेली बेटं, आणि खाजण तर सातबाऱ्यावरच पडीक. पडीक कोणी राखतं? तू म्हणायचीस, "तुका बघूक बरा दिसता ता तू राखतंस. जनावरांक लागता ता नाय."

हे वाक्य मला तेव्हा लागलं नाही. मी पत्रकवाला, मला बघायला बरं दिसणारंच हवं असतं.

आणि तुझा पुरावा काय, तर गावपळण. आपल्या गावाची ही रीत बाहेरच्याला सांगावी लागते: काही वर्षांनी एकदा देव कौल देतो आणि अख्खा गाव, माणसं, ढोरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा घेऊन तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. गावात चूल पेटत नाही, घंटा वाजत नाही, कोणी पाऊल टाकत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल मिळाला की परत. मागच्या गावपळणीत तू निघताना दाराबाहेर चुलीची राख चाळून पसरलीस. कारण काय, तर त्याच्या आधीच्या खेपेला तुझी सुकी मासळी चोरीला गेली होती आणि तुझा शेजारणीवर संशय होता. चोराच्या पायाचा ठसा धरायचा होता तुला. परत आलीस तर मासळी गेलेली आणि राखेत पाय कोल्ह्याचे. शेजारणीची माफी मागितलीस की नाही ते तू कधी धड सांगितलं नाहीस. पण त्या कोल्ह्याच्या बाजूने दुसरेच पाय गेले होते, पाच बोटांचे, मध्ये शेपटी ओढल्याची रेघ. तू त्यांच्या मागे खाजणापर्यंत गेलीस, आणि तेवढ्यात गावातली ढोरं सुटली आणि सगळं तुडवून गेली.

मी हसलो होतो. नुसता हसलो नाही, त्याच आठवड्यात माझं पत्रक निघालं होतं, "तीन दिवस गाव ओस कशासाठी?" त्यात मी गावपळणीला खुळेपणा म्हटलं, आणि तू त्यातही बांगडे गुंडाळलेस.

सोमवार. आपण पहिल्या एस्टीने निघालो. तू पाटी घेऊन, कारण येताना कुडाळला मासे विकून येईन म्हणालीस. कचेरीच्या दारात शिपाई म्हणाला, "ही पाटी बाहेर. साहेबांना वास चालत नाही." मी, अन्यायाविरुद्ध बारीक टायपात लिहिणारा, काय केलं? पाटी उचलून जिन्याखाली ठेवली.

साहेब वाईट नव्हते. घाईत होते. मागच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा, त्यावर गावोगाव हिरवे ठिपके. तू मागे दाराशीच थांबलीस. त्यांनी आपला कागद पाहिला. मी तिसऱ्या ओळीखाली बारीक अक्षरात उरलेली तीन नावं कोंबली होती.

"हे काय आहे? ओळी तीन आहेत. जास्त लिहिलंत तर कागद परत जाईल."

"साहेब, ह्या जागा एकमेकींना जोडलेल्या..."

"तीन. कोणत्या ते तुम्ही ठरवा. आत्ता ठरवा, बाहेर रांग आहे."

मी पेन काढलं. कोंड खोडली. माणगे खोडले. खाजण खोडलं. दहा सेकंद लागले असतील. नावं सांगणारी तू, म्हणून मग तुला पुढे बोलावलं आणि शाईचा पॅड तुझ्यापुढे आला. तू पदराला अंगठा पुसलास, कागदावर वाकलीस, आणि मला विचारलंस, "सगळी नावां लिवलंस मां रे?"

मी म्हटलं, "व्हय मावशे."

तू अंगठा उठवलास.

येताना एस्टीत तू खुश होतीस. मला कुडाळच्या स्टँडवर भजी खायला घातलीस आणि म्हणालीस, "आता खाजणाक कोण हात लावता ता बघतंय मी." खाजणाचं तोंड दगडी बांधाने बंद करून, वर मातीचा भराव घालून माड लावायचे, असा आपल्या आबा मानकऱ्यांचा अर्ज त्याच कचेरीत पडून होता, आणि आपल्या यादीत खाजण नसेल तर तो मंजूर व्हायला काहीच आड येणार नव्हतं. हे मला माहीत होतं. मी भजी खाल्ली. नंतर सांगू, योग्य वेळी सांगू, असं म्हणत राहिलो. योग्य वेळ पुढच्या मंगळवारी, तू गेलीस तेव्हा संपली.

तुझ्या बाराव्यानंतर चौथ्या दिवशी देवाने गावपळणीचा कौल दिला.

यंदा मी पत्रक काढलं नाही. मी तुझ्या लेकीकडे, शालनकडे गेलो आणि म्हटलं, "आवशीच्या चुलीची राख देशीत?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझे शब्द परत गिळावेसे वाटले. मग म्हणाली, "चुलीची मां? नीट सांग खुळ्या, माका कायतरीच वाटला." आणि सुतकातून उठून इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसली. आम्ही दोघांनी राख चाळली, दोन गोणी भरल्या. गाव निघायच्या सकाळी, सगळे कोंबड्या पकडत असताना, आम्ही तुझ्या वाटेवर सहा ठिकाणी आडवे पट्टे घातले: राय, कोंड, माणगे, खाजणाचा बांध, चिपीची कड आणि किनारा. तू जिथे जिथे पाटी टेकायचीस ती ठिकाणं शालनला पाठ होती. माझ्या लक्षात आलं की तुझे विसावे आणि तुझी यादी एकच आहे. फक्त खडक सोडून, तिथे पाटी कुठे टेकणार.

वेशीबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळावर, खोपी बांधून गाव तीन दिवस राहिला. मी एवढा अधीर कधीच नव्हतो. चौथ्या दिवशी सकाळी कौल मिळाला, लोक गाठोडी बांधायला लागले, आणि मी आबा मानकऱ्यांपुढे जाऊन उभा राहिलो. गावात परत शिरताना पहिलं पाऊल त्यांचं असतं.

"आबा, ढोरां जरा मागे ठेवा. माका आधी वाट बघूची आसा."

"तुका? गावपळण म्हणजे खुळेपणा म्हणान लिवणारो तूच मां रे तो?"

"व्हय, मियाच."

"मगे आता देवाचे दिस तुका कित्याक व्हये?"

"माका नाय. सगुणामावशीक व्हये होते."

मागे सगळा गाव ऐकत होता. आबा म्हणाले, "सगुणान माका कधी नासको बांगडो दिल्यान नाय. चल. मी पण येतंय." आणि मागे वळून हात वर केला. ढोरं थांबली.

मावशे, रायीखालच्या पट्ट्यावर हुदाचं काही नव्हतं. साळिंदराचे ओरखडे, एका मुंगसाची धाव, बस. आबा म्हणाले, "हां. झाला?" मग आम्ही कोंडीवर उतरलो आणि शालन माझ्या आधी ओरडली.

दवाने राख घट्ट बसली होती आणि तिच्यात पाय असे उठले होते की कोणी मुद्दाम दाबून ठेवावेत. पाच बोटं, बोटांमध्ये पडदा, आणि मागे शेपटीची रेघ. खाली गेलेले, वर आलेले, पुन्हा खाली. काठच्या सपाट दगडावर त्याची विष्ठा, सगळी खवल्यांची. शालनने काडीने ती उकलली, एक मोठं खवलं उचललं, पाण्यात धुतलं, अंगठ्याने त्याची कड घासून पाहिली आणि म्हणाली, "तांबोशी."

मी म्हटलं, व्हाळातली कुठलीतरी असेल.

"तांबोशी व्हाळात खंय मिळता रे? तुका पत्रकांशिवाय काय कळता? ही खाडयेची नायतर खडकावरची. आवशीसारखी मिया पण पाटयेत घालून हय वर आणलंय, म्हणान सांगतंय. आता ही कोणी वर आणल्यान?"

आम्ही तिघेही हसायला लागलो, आबासुद्धा. तुझ्यासारखाच दुसरा कोणीतरी खालचा मासा रोज त्याच वाटेने वर नेत होता. पाटीशिवाय.

माणग्यांच्या पट्ट्यावर तेच पाय, वर कोल्ह्याचे. आणि खाजणाच्या बांधावर, मावशे, एक मोठे पाय आणि त्यांच्याभोवती बारीक बारीक, गोंधळलेले, एकमेकांवर पडलेले. पिल्लं. पिल्लं खाजणात आहेत, तुझ्या पडीक खाजणात, म्हणजे माझ्या, म्हणजे मी ज्याला पडीक म्हटलं त्या. चिपीच्या कडेला आणि किनाऱ्यावर पुन्हा मोठे पाय, थेट भरतीच्या रेषेपर्यंत. सहापैकी पाच पट्ट्यांवर. तिथून मी धावलो तो तुझ्या घरी.

परत आलो तेव्हा आबा खाजणाच्या बांधावरच बसलेले. जमीन त्यांची. मला म्हणाले, "तुमच्या त्या कागदात माझा ह्या खाजण आसा काय?"

इथे मी आणखी एकदा खोटं बोलू शकत होतो. नाही बोललो. शालनच्या देखत सगळं सांगितलं. तीन ओळी, खोडलेली नावं, तुझा प्रश्न, माझं व्हय.

शालन म्हणाली, "म्हणजे अंगठो तिचो आणि लबाडी तुझी."

आबांनी अर्ज मागे घेतो असं म्हटलं नाही. ते तुला खोटं सांगणार नाही. ते एवढंच म्हणाले, "माड लावचे आसत माका. पण पोरां आसत खाजणात, तां मी बघलंय. नवो कागद कर. आणि माका मोठ्यान वाचून दाखव. मगे काय ता सांगतंय."

मी राग धरलाय, मावशे, पण गंमत अशी की एवढा उत्साहही मला कधी आला नव्हता. राग त्या तीन ओळींचा. ज्याने तो कागद छापला त्याने जंगल चालून पाहिलं नाही, पाणी चालून पाहिलं नाही. त्याला ठिपके हवेत. आपल्या गावाचा वरचा ठिपका हिरवा, खालचा ठिपका हिरवा, आणि मध्ये भराव. अशी गावागावांतली राखलेली बेटं किती दिवस जगतील? पण आता बघ. रायीपासून खडकापर्यंत तुझी एक रेघ आहे. तिच्या वर आंबोलीकडून येणाऱ्या व्हाळाच्या गावांची रेघ, शेजारच्या खाडीची रेघ. प्रत्येक गावात कोणीतरी डोक्यावर काहीतरी घेऊन ती चालत असणार. त्या सगळ्या जोडल्या तर नकाशावर ठिपके उरणार नाहीत, घाटापासून समुद्रापर्यंत जाळं होईल. आणि मग आधी काय राखायचं याचं उत्तर तुझंच: जे तुटलं तर बाकी सगळं सुटतं, ते आधी. म्हणजे मधलं.

आपले दोन वाद मात्र राहिलेच. तू म्हणायचीस, तीन दिवस गाव देवाचा असतो म्हणून जनावरं निर्धास्त फिरतात. मी अजून म्हणतो, माणूस नसतो म्हणून फिरतात. तू असतीस तर म्हणाली असतीस, मग फरक काय रे त्यात? मला तो फरक अजून सांगता येत नाही. माझी सूचना अशी आहे की त्या मधल्या तीन तुकड्यांना कायमची गावपळण द्यावी. देवाने दिली तरी चालेल, सरकारने दिली तरी.

दुसरा वाद खडकाचा. तू दम दिला होतास, "राखूक दी, पण त्या नावान आमची रापण बंद केलंस तर ही पाटी तुझ्या डोक्यार घालीन." नव्या कागदावर तेही लिहिलंय, रापण चालू राहील असं, खडकाच्या नावापुढेच. शालनला वाचून दाखवलं. तिने पाटीकडे बघत मान डोलावली.

जे तुझ्या हयातीत बोललो नाही ते एवढंच: मावशे, माझं चुकलं. तू माझ्यावर विसंबून अंगठा दिलास. माझी पत्रकं तू वाचली नाहीस, पण न वाचताही ती दारोदार पोचवलीस. मी तुझ्या सहा नावांतली तीन एका टेबलापलीकडे पोचवू शकलो नाही.

आता वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे येतो.

येत्या गुरुवारी, सकाळी अकरा ते साडेअकरा, त्याच खोलीत याद्यांवरच्या हरकती ऐकणार आहेत. सगळ्या जिल्ह्याला अर्धा तास. तुमच्या गावाचा कागद गेला असेल, त्यावरही तीनच नावं असतील, आणि मधली कोणीतरी खोडली असतील. घरातल्या किंवा शेजारच्या अशा माणसाकडे जा जो रोज ती वाट चालतो. त्याला विचारा, वरच्या झाडीपासून खालच्या पाण्यापर्यंत मध्ये काय काय लागतं. सगळं लिहा, ओळी कितीही होऊ देत. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवा. मग सही किंवा अंगठा घ्या, आधी नाही.

गुरुवारी अकराच्या आत ओरोसला या. त्या माणसाला बरोबर आणा. आणि त्याची पाटी जिन्याखाली ठेवू नका. आत घेऊन या.